जप्त जहाजाचं पाणी

परीक्षानळीतल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की क्षणभर काहीच होत नाही. थेंब आपला आकार धरून थोडा खाली उतरतो आणि मग त्याच्या कडेने पांढरा ढग सुटतो. पाण्यात मीठ जेवढं जास्त, तेवढा ढग दाट. बॉयलरचं पाणी चांगलं असेल तर तो जेमतेम दिसतो. नळीमागे काळा कागद धरून पाहावा लागतो. त्या सोमवारी मला काळा कागद लागला नाही. सगळी नळी दुधासारखी झाली.

मी नळी धुतली, दुसऱ्या बाटलीतलं पाणी घेतलं. तेच. ऊर्ध्वपातित पाण्यात थेंब टाकून रसायन तपासलं. रसायन ठीक होतं. मग मी नोंदीत 'अयोग्य' असं लिहिलं आणि खिडकीतून धक्क्याच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या जहाजाकडे पाहिलं. परवा परवा त्याला नवा रंग दिला होता. त्याचा नवा चीफ इंजिनिअर माझा दादा होता.

युद्ध जाहीर झालं त्या सकाळी शत्रूदेशाची जी व्यापारी जहाजं आमच्या बंदरात नांगर टाकून होती, ती सरकारने जागच्या जागी ताब्यात घेतली. पुढे समुद्रावर पकडलेली आणखी आली. जहाज पकडणं एका तासाचं काम. ते सांभाळायचं कसं, याचा विचार कोणी केलेला नव्हता. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत जहाज कोणाचंच नाही, म्हणून दोरखंड बदलायलाही परवानगी लागायची. एकावर कातडी भरलेली होती, तिचा वास वारा फिरला की आमच्या प्रयोगशाळेपर्यंत यायचा. एकावर पियानो होते. पियानोंचं काय करायचं हे अजूनही ठरलेलं नव्हतं.

या सगळ्यासाठी एक खातं निघालं आणि खात्यावर एक साहेब आले. सज्जन माणूस, आवाज कधी चढत नसे. काहीही विचारा, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "पाहू." गोदीत त्यांचं नावच पाहूसाहेब पडलं. मला लिटमसबाई म्हणत, त्यामुळे मला हसायचा हक्क नव्हता.

दुपारी दादा आला. बॉयलरसूट काढायचीही तसदी न घेता आला होता.

"काय गं, दुधाचं दुकान काढलंस म्हणे."

"तुझंच दूध आहे," मी नळी त्याच्यापुढे धरली.

त्याने ती उजेडाकडे फिरवली. चेहरा बदलला नाही, पण नळी परत ठेवताना त्याने ती स्टँडमध्ये दोनदा चुकीच्या भोकात घातली.

"कंडेन्सर मी स्वतः तपासलाय," तो म्हणाला. वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं यंत्र म्हणजे कंडेन्सर. ते समुद्राच्या पाण्याने थंड होतं, म्हणून मीठ आलं की पहिला संशय त्याच्यावर. "एकेक नळी पाहिली. ठणठणीत. समुद्राच्या पाण्याच्या वाटा जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या माझ्या हाताने आवळून बंद केल्यात. आता तूच सांग, मीठ काय आकाशातून पडतंय?"

"कुठून येतंय ते मला नाही सांगता येणार. येतंय एवढं नक्की."

"पास कर. समुद्रावर बघून घेईन."

"दादा, बॉयलरच्या पत्र्यावर मिठाचा थर बसला की काय होतं हे मी तुला शिकवू?"

त्याला शिकवायची गरज नव्हती. थराखालचा पत्रा तापून मऊ होतो आणि एक दिवस भट्टीचं छत आत खचतं. वाफ बाहेर येते. भट्टीसमोर फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वळायलाही वेळ मिळत नाही. चीफची जागा तिथून फार लांब नसते.

"पहिल्यांदा चीफ झालोय," तो दाराशी जाऊन म्हणाला. "सगळ्या बंदराला सांगून मोकळी हो, की बहिणीनेच अडवलं."

घरी वेगळीच तऱ्हा. वहिनी दादाच्या ट्रंकेत कपडे भरत होती. भरत होती म्हणजे भरलेले पुन्हा काढत होती. मला पाहून तिने दार लोटलं.

"वन्सं, पाणी खराब निघालं म्हणे."

"निघालं."

"बरं झालं." तिने एक लोकरी मोजा दुसऱ्यात घातला. "खराबच राहू दे. तुम्ही पास करूच नका. जहाजांचा हा ताफा चुकला की पुढचा महिन्याने. तोवर लढाई संपेलही."

"आणि उद्या पाणी चांगलं निघालं तर?"

"तर काय? तुमचं शास्त्र कधी चुकत नाही का? एकदा चुकलं म्हणून कोण फाशी देणार आहे?"

ती ट्रंकेवर बसली. "तुमचं ते तोंड बघून कळलं मला. घ्या, हे मोजे तरी नीट घडी घाला, मला जमत नाहीये."

मंगळवारी सकाळी मी पुन्हा नमुना घ्यायला जहाजावर गेले. न्यायालयाचा नियम असा, की निकाल लागेपर्यंत जहाजावरची काही मूळ माणसं जहाजावरच ठेवायची, म्हणजे सरकारने नासधूस केली नाही याला साक्षीदार राहतात. इंजिनखोलीत उतरायला मात्र त्यांना बंदी. आता निकाल लागला होता, जहाज सरकारी झालं होतं, आणि या उरलेल्या माणसांना बुधवारी संध्याकाळी आतल्या मुलखातल्या छावणीत हलवायचं होतं. त्यांच्यातला सर्वांत वयस्क म्हणजे जहाजाचा जुना चीफ. पहारेकरीसुद्धा त्याला आजोबा म्हणत. उलट्या घातलेल्या बादलीवर बसून तो दिवसभर दोराच्या गाठी सोडवायचा, नाहीतर खोकायचा. निम्मं आयुष्य बंदरोबंदर गेल्यामुळे आमची भाषा त्याला बरी यायची.

"माझी भाषा गोदीत शिकलेली आहे," पहिल्या भेटीतच त्याने बजावलं होतं. "मध्येच शिवी आली तर ती व्याकरणाचा भाग समजा."

आज त्याने माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "पांढरं झालं ना?"

"झालं. तुम्हाला कसं कळलं?"

"काल वाफ धरली तेव्हा पंपाचा आवाज ऐकला. खाली जाऊ देत नाहीत, पण कान वरही चालतात."

"मीठ कुठून येतंय ते तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

इतक्या सरळ उत्तराची मला सवय नव्हती. मी बाटली खाली ठेवली. "मग सांगा ना."

"बाई, हे जहाज निघालं की तुमचं सामान नेणार. ते सामान कोणाच्या डोक्यावर जाऊन पडेल? माझ्या माणसांच्या. माझे दोन जावई तिकडे आहेत. एक चांगला आहे." तो हसला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. "सांगायचं की नाही ते मी ठरवतोय. पट्ट्या बदलल्या त्या दिवसापासून ठरवतोय."

"कसल्या पट्ट्या?"

"तुम्ही लावलेल्या नव्या. लावण्याआधी इथेच डेकवर रचल्या होत्या. त्यांतली एक खोटं बोलते." त्याने गाठीत पुन्हा बोट घातलं. "एवढं बोललो तेच जास्त झालं. जा आता."

पट्ट्यांची गोष्ट मला ठाऊक होती. ताब्यातल्या कोणत्याही जहाजावर शत्रूच्या भाषेतलं अक्षर राहता कामा नये, असा खात्याचा हुकूम होता. नळांवरच्या, ते उघडायच्या-बंद करायच्या चाकांवरच्या जुन्या पितळी पट्ट्या काढून वितळवायला पाठवल्या होत्या. त्यांच्या जागी आमच्या भाषेतल्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या, सगळ्या एका साच्यातल्या: वर नाव, खाली चाक फिरवायच्या दिशेचा बाण. भाषांतराला कॉलेजातले एक प्राध्यापक आणले होते. इंजिनखोली त्यांनी त्यापूर्वी पाहिलेली नव्हती, पण दोन्ही भाषा उत्तम.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो भट्टीच्या दारात वाकला होता. वाकूनच म्हणाला, "शत्रूचा म्हातारा कोडी घालतोय आणि माझी बहीण ती पोहोचवतेय. वा."

"कोडं असेना. पट्ट्या तपासायला काय जातं?"

काही जात नव्हतं, म्हणून तपासल्या. नळांचा नकाशा पसरून दादाने एकेक पट्टी ताडून पाहिली. प्राध्यापकांना बोलावलं. ते कोट घालून आले, शिडी उतरताना कोटाला ग्रीस लागलं, आणि मग जो शब्द विचाराल त्यासाठी ते दुप्पट आवेशाने भांडू लागले. "'उपपंप' हाच शब्द योग्य आहे. 'छोटा पंप' म्हणणं म्हणजे मुळाशी द्रोह." दादा म्हणाला, "सर, द्रोह असू द्या, नळ तोच आहे ना?" नळ तोच होता. सगळेच नळ तेच होते. एकही नाव चुकलेलं नव्हतं. संध्याकाळी पुन्हा वाफ धरली, पुन्हा नमुना, पुन्हा दूध.

बुधवारी सकाळी पाहूसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पियानोंची फाइल अजून होती.

"तुमचा अहवाल वाचला," ते म्हणाले. "ताफा उद्या निघतो. जहाज त्यात असेल. जास्तीचं गोडं पाणी घ्यायचं, खारट पाणी वरचेवर बॉयलरमधून सोडून द्यायचं. तुमचे बंधू म्हणतात, जमेल."

"माझे बंधू काहीही म्हणतील. मी अयोग्य लिहिलंय."

"ते फाइलला जोडलंय." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "वरून तारखेचा हुकूम आहे, बाई. माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच: तो म्हातारा. कैद्यावर जबरदस्ती करायची नाही, हा नियम आहे आणि तो मी मोडणार नाही. पण छावणी जुन्या चुनाभट्टीला लागून आहे. तिथली धूळ त्याच्या छातीला सोसणार नाही, हे डॉक्टरांनी मागेच कळवलंय. तो बोलला, तर त्याला बंदराच्या इस्पितळात ठेवता येईल. तुमचं ऐकतो म्हणे. विचारून पाहा."

मी विचारलं. मला ते बोलताना बरं वाटलं नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

म्हाताऱ्याने हातातली गाठ आधी सोडवून संपवली. मग म्हणाला, "म्हणजे मी आता बोललो तर छातीसाठी बोललो."

"तुम्ही कशासाठी बोललात ते तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत असून काय उपयोग? तो बघा." पलीकडे त्याचा जुना मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, पिशवीचा पट्टा शिवत बसला होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता, इतका पाहत नव्हता की ते दिसत होतं. "परत गेलो तर सगळं गाव विचारेल, किती दिले रे? नाही बाई. तुमच्या साहेबांना सांगा, धूळ तर धूळ."

मी परत खात्यात गेले. डॉक्टरांचा कागद फाइलमध्ये होताच, तो काढून साहेबांसमोर ठेवला.

"नाही म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाला. आता हा कागद त्या प्रश्नापासून वेगळा करा, साहेब. छाती खराब आहे की नाही एवढंच डॉक्टरांनी लिहिलंय. तो बोलतो की नाही, याच्याशी छातीचा संबंध नाही."

"पाहू," ते म्हणाले.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"बाई, मला दुसरी कामं आहेत."

"करा ना. मी बसते. माझं आज काही काम नाही. माझं काम फाइलला जोडलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर सोपं झालं असतं. पण ते ओशाळल्यासारखे झाले. काही वेळ त्यांनी पियानोंची फाइल वाचली. निदान पानं उलटली. मग दौत जवळ ओढून डॉक्टरांच्या कागदावर सही केली, तारीख घातली, आणि माझ्याकडे न पाहता कागद पुढे सरकवला.

"आमचा मुलगाही समुद्रावर आहे," ते म्हणाले. "उगाच सांगितलं."

मी जहाजावर पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. कैद्यांचं सामान जिन्याशी आणून ठेवलेलं होतं. म्हाताऱ्याची पेटी सगळ्यांत लहान. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो लांब धरून वाचला, मग उलटून मागचं कोरं पान पाहिलं.

"बदल्यात?"

"काही नाही. सही झाली. तुम्ही जन्मभर तोंड उघडलं नाही तरी ती झालेलीच राहील."

"त्या साहेबांनी सही केली? आजच्या आज?"

"मी खुर्ची घेऊन बसले होते."

तो हसला नाही. मेट आपली पिशवी उचलून जवळून गेला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. म्हाताऱ्याने त्याला तुटक उत्तर दिलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई गोड बोलून काढून घेईल. मी म्हटलं, हिला गोड बोलता येत नाही."

मी बादलीशेजारी दोरांच्या गुंडाळीवर बसले. तेवढी जवळीक आम्ही याआधी केली नव्हती. "एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी," मी म्हटलं. "सांगितली नाही तर ती लपवल्यासारखी होईल. जहाज उद्या निघतंय."

"पाणी खारट आहे."

"आहे. मी नापास केलंय. तरी निघतंय."

त्याच्या हातातला कागद गुडघ्यावर आला. "नापास जहाज कसं निघेल?"

"लढाई आहे. तारखेचा हुकूम वरून आलाय."

"मला वाटलं होतं…" तो थांबला. खोकल्यासाठी नव्हे. "पाणी पांढरं आहे तोवर हे धक्क्यावर राहील, असं वाटलं होतं. मी गप्प बसलो की जहाज बसलं. कोणाचं काही जात नाही. हिशेब सोपा होता."

"आता तो हिशेब नाही."

"काय भरलंय यात?"

"मला माहीत नाही. विचारलं तर सांगणार नाहीत. धान्य आहे असं सांगून तुम्हाला बरं वाटेल, पण ते मी बनवून सांगितलेलं असेल."

"खाली कोण असणार?"

"माझा दादा. बाकी भट्ट्यांवरची माणसं. निम्मी समुद्रावर पहिल्यांदाच चाललीत."

"पहिल्यांदाच," तो म्हणाला आणि इंजिनखोलीच्या झरोक्याकडे पाहत राहिला. त्याच्यातून कढत हवा वर येत होती. मी त्याला भट्टीच्या छताबद्दल काही सांगितलं नाही. ज्याने आयुष्य तिथे काढलं त्याने ते पाहिलेलं असतं, निदान पाहिलेल्या माणसाबरोबर काम केलेलं असतं.

तेवढ्यात दादा वर आला. चिंध्यांनी हात पुसत तो कठड्याशी उभा राहिला. या म्हाताऱ्याशी तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. मला पाहून परत वळेल असं वाटलं, वळला नाही. थोडा वेळ चिंधीकडे पाहून तो म्हणाला, "पहाटे वाफ धरतोय, चीफ."

म्हाताऱ्याने मान वर केली. त्या जहाजावर त्याला त्या नावाने हाक मारून बरेच महिने झाले असावेत.

"डाव्या बाजूची मधली भट्टी जरा उशिरा पेट घेते," तो म्हणाला.

"कळलं ते. पहिल्याच दिवशी."

"हं. कळणारच."

जिन्याशी पहारेकऱ्याने कैद्यांची मोजणी सुरू केली. मेट रांगेत उभा होता आणि आता तो सरळ आमच्याकडे पाहत होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, जसं निरोप घेताना पाहतात. मग इस्पितळाचा कागद घडी करून त्याने खिशात घातला, बादलीच्या कडेला हात टेकून उठला आणि मला ओलांडून दादासमोर जाऊन उभा राहिला.

"उपपंपाच्या मागे, जाळीखाली, समुद्राच्या पाण्याचं लहान चाक आहे," तो म्हणाला. आवाज मोठा होता, रांगेपर्यंत जाईल एवढा. "ते आणि नळाची दांडी यांच्यामध्ये दातेरी चाकांची जोडी आहे, म्हणून ते उलटं फिरतं. आमच्या पट्टीवर बाण उलटा काढलेला होता, तुमच्या पट्टीवर सरळ आहे. तुम्ही आवळून बंद करता ना, तेव्हा ते पूर्ण उघडतं."